पाळकाचे न छापलेले भाषांतर

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सरकारने जॉर्ज ग्रिअर्सन यांच्याकडे हिंदुस्थानातील भाषांच्या पाहणीचे काम सोपविले, तेव्हा ठिकठिकाणच्या जिल्हा कचेऱ्यांतून प्रत्येक बोलीचे जे नमुने मागविण्यात आले, त्यांतील पहिला नमुना एका ठरावीक मजकुराच्या भाषांतराचा असावा, असा दंडक होता. आणि तो मजकूर म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला. या निवडीमागे धर्मप्रसाराचा हेतू नव्हता. तिन्ही पुरुषवाचक सर्वनामे, नामांच्या बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे तिन्ही काळ त्या लहानशा कथेत एकत्र सापडतात, हे व्याकरणाचे कारण ग्रिअर्सन यांनीच दिले आहे. शिवाय ऐकणाऱ्यांच्या भावना दुखावू नयेत म्हणून तिच्या शब्दांत किरकोळ फेरफार करण्यात आले होते. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ल भाषा आणि खानदेशी यांचे विवेचन असून मावची, पावरी, देहवाली या बोलींची दखल त्यात घेतलेली आहे. म्हणजे आज ज्या मुलखाला आपण नंदुरबार जिल्हा म्हणतो, तेथील बोलींत बायबलचा जो अंश प्रथम कागदावर उतरला, तो बहुधा कोणा धर्मोपदेशकाच्या हातून उतरला नसून सरकारी हुकुमावरून, व्याकरणाचा पुरावा म्हणून उतरला.

या घटनेत एक मोठा बोध दडलेला आहे. भाषांतर करणाऱ्याचा हेतू कोणता, त्याच्यासमोर ऐकणारा कोण, आणि कोणत्या शब्दाने कोण दुखावेल याची त्याला किती काळजी, यांवर मूळ मजकुराचे नवे रूप ठरते; आणि एकदा ते रूप ठरले की पुढे त्यावर बोलणाऱ्या प्रत्येकाची वाट त्या रूपाने आखून दिलेली असते. ख्रिस्ती धर्म हा उपदेशाचा धर्म आहे. त्याच्या उपासनेच्या मध्यभागी वाचलेला उतारा आणि त्यावरील विवरण असते, आणि जगातील बहुसंख्य ख्रिस्ती लोक तो उतारा मूळ हिब्रूत किंवा ग्रीकमध्ये न वाचता भाषांतरातच वाचतात. म्हणून कोणत्या भाषांतरातून वाचले जाते, हा प्रश्न ग्रंथालयातल्या अभ्यासकाइतकाच खेड्यातल्या मंडळीचाही आहे. नंदुरबार जिल्ह्यात तर त्याला एक विशेष परिमाण लाभलेले आहे. येथे छापील भाषांतर आणि श्रोता यांच्यामध्ये आणखी एक भाषांतरकार शतकभर उभा राहिला आहे, आणि तो म्हणजे पाळक स्वतः. त्याने केलेले भाषांतर कोठे छापलेले नाही. तरी या भागातील ख्रिस्ती श्रद्धेची घडण मुख्यतः त्याच भाषांतराने केली, असे माझे मत आहे आणि तेच या लेखात मांडावयाचे आहे.

मुलूख आणि मंडळी

१९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले; पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला, आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्याच्या सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात आहे, आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. दक्षिणेस नवापूरकडे गावित लोकांची मावची, उत्तरेस अक्कलकुवा-तळोद्याच्या बाजूस वसावी आणि देहवाली, नर्मदेकडे उतरणाऱ्या अक्राणीच्या डोंगरांत पावरी आणि नोइरी, सपाटीवर अहिराणी, कोकणी, गुजरी, असा भाषांचा येथे मोठा मेळ आहे. मराठी ही या सर्वांवरची कचेरीची, शाळेची आणि बाजाराची भाषा. घराची भाषा ती फारच थोड्यांची.

या मुलखात प्रॉटेस्टंट मिशनचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी रुजले. छप्पनचा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ, नुकताच सरला होता. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश वंशाच्या सुवार्तिकाने १८९० साली अमेरिकेत स्थापन केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे कार्यकर्ते पश्चिम खानदेशातील भिल्ल वस्त्यांत येऊन राहिले. या संस्थेने १९४९ साली द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन हे नाव घेतले. स्वीडनमधील अलायन्स मिशनचे लोकही या भागात आले. नंदुरबारचे एस. ए. मिशन हायस्कूल आणि नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय ही त्या काळाची आजही चालती-बोलती स्मारके आहेत. हे परदेशी कार्यकर्ते मराठी शिकून आले, कारण पुस्तक मराठीत होते. परंतु ज्यांच्यापुढे ते उघडावयाचे, त्यांना मराठी कानावरून गेलेली असली तरी तीत रडता, भांडता किंवा प्रार्थना करता येत नव्हती. त्यामुळे पहिल्या दिवसापासून स्थानिक मदतनिसाची गरज पडली, आणि ज्या तरुणांनी शाळेत मराठी अक्षर गिरवले होते व घरी मावची किंवा वसावी बोलत होते, तेच पुढे सुवार्तिक आणि पाळक झाले. भाषांतर ही त्यांच्या सेवेची पहिली अट होती.

मराठी शास्त्राची वंशावळ

त्यांच्या हातात जे मराठी शास्त्र पडले, त्याच्या मागे तोपर्यंत शंभर वर्षांची परंपरा उभी होती. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ओवीबद्ध ख्रिस्तपुराण सिद्ध केले, तो बायबलच्या कथेचा मराठीतील पहिला महान अवतार. परंतु ते पुराण होते, शब्दशः अनुवाद नव्हता. अनुवादाचा उद्योग सुरू झाला तो बंगालमध्ये श्रीरामपूर येथे. विल्यम कॅरी यांनी फोर्ट विल्यम कॉलेजातील वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली नवा करार मराठीत छापला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर घडलेल्या त्या भाषेवर मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनने विसंबून न राहता स्वतंत्र अनुवाद हाती घेऊन १८२६ मध्ये आपला नवा करार प्रसिद्ध केला. आणि मुंबई बायबल सोसायटीच्या विद्यमाने १८४७ साली संपूर्ण बायबल मराठीत आले. पुढील संस्करणांच्या कामात बाबा पदमनजी यांच्यासारख्या सिद्धहस्त मराठी लेखकाची लेखणी होती. ‘यमुनापर्यटन’कार म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो, परंतु नव्या करारावरील त्यांच्या विस्तृत टीकेने मराठी पाळकांच्या कित्येक पिढ्यांना विवरणाची भाषा दिली, हे त्यांचे ऋण अधिक खोल आहे.

या साऱ्या अनुवादांची भाषा पुण्या-मुंबईच्या विद्वानांची होती. पाप, तारण, कृपा, नीतिमत्त्व, प्रायश्चित्त, पवित्रीकरण, हे शब्द संस्कृताच्या भांडारातून आले आणि आपल्याबरोबर शतकांचा अर्थसंभार घेऊन आले. त्याविरुद्ध सर्वांत प्रखर आवाज उठला तो अशा विदुषीचा, की जिला संस्कृतातील पांडित्याबद्दल कलकत्त्याच्या सभेने पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या होत्या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्तिसदनात बसून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचा अनुवाद केला. दर्शनशास्त्रांचा गंध असलेले शब्द त्यांनी कटाक्षाने दूर ठेवले. आश्रमातील स्त्रियांनी खिळे जुळवून ते छापले. आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाल्यानंतर, १९२४ मध्ये, तो ग्रंथ पूर्णरूपाने बाहेर आला. जिला संस्कृत येत होते तिलाच संस्कृतातून उतरून येण्याचे मोल कळले होते. दुष्काळात उद्ध्वस्त झालेल्या, अक्षरशत्रू म्हणून टाकल्या गेलेल्या मुली तिच्या डोळ्यांपुढे होत्या, आणि देवाचे वचन त्यांना मध्यस्थाविना मिळाले पाहिजे, ही तिची तळमळ होती.

तथापि मंडळ्यांत रूढ झाले ते बायबल सोसायटीचे संशोधित भाषांतर. त्याची गद्याची घडण भारदस्त, लय पाठांतराला अनुकूल, आणि कानाला एकदा सवय झाली की दुसरे काही शास्त्रासारखे वाटू नये, अशी त्याची पकड आहे. कॅथॉलिक परंपरेतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ एकविसाव्या शतकात आले. साहित्य अकादमीने अनुवादाचे पारितोषिक देऊन त्याचा गौरव केला, आणि मराठी साहित्यविश्वाने बायबलकडे प्रथमच मराठी गद्याची कृती म्हणून मोकळेपणाने पाहिले. शिवाय सोप्या भाषेतील आणि समकालीन मराठीतील अनुवादही आज उपलब्ध आहेत. नंदुरबारच्या मंडळ्यांत मात्र वडीलधाऱ्या मंडळींच्या मुखी जी वचने आहेत, ती बहुतांशी त्या जुन्या संशोधित प्रतीचीच आहेत.

छापील शब्दाचा अंमल

या जुन्या प्रतीने उपदेशाला कसे वळण दिले, त्याची काही उदाहरणे पाहणे उपयुक्त ठरेल. पहिले उदाहरण राज्यकारभाराच्या शब्दांचे. रोमन साम्राज्याची व्यवस्था मराठीत आणताना अनुवादकांनी मराठेशाहीच्या दप्तरातील शब्द घेतले. पिलात हा सुभेदार झाला, मत्तय हा जकातदार, राजप्रतिनिधीचे निवासस्थान हे सरकारवाडा. पुण्याच्या वाचकाला या शब्दांनी इतिहासाची ओळख पटली. सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र त्यांनी वर्तमानाची ओळख पटवली. ज्या समाजाला सरकार म्हणजे जंगलचा नाकेदार, महसुलाचा तलाठी आणि चौकीवरचा शिपाई एवढ्याच रूपांत ठाऊक होते, त्याला जकातदाराच्या घरी जेवावयास बसणारा गुरू हा केवढा धक्का आहे, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. येथे अनुवादाने पाळकाचे निम्मे काम करून ठेवले होते.

दुसरे उदाहरण तारण आणि खंडणी या शब्दांचे. मराठीत तारण म्हणजे उद्धार, आणि तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेला गहाणही. शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यातील आदिवासींच्या जमिनी सावकारांच्या व बड्या शेतकऱ्यांच्या हाती कशा गेल्या, आणि १९७० नंतरच्या वर्षांत अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीने त्या परत मिळविण्यासाठी केवढा लढा दिला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्याचे शेत गहाण पडले आहे, अशा माणसापुढे तारणाचा उपदेश करताना दोन्ही अर्थ एकाच वेळी जिवंत होतात. आणि सुजाण उपदेशकाला त्यातून सुटकेची अशी कल्पना उभी करता येते, की जी आत्म्याइतकीच जमिनीचीही असते. खंडणीचे दैव याच्या उलट झाले. बंदिवानाच्या सुटकेचे मोल हा तिचा अर्थ जुन्या श्रोत्याला सहज उमगे. आजच्या तरुणाला तो शब्द वर्तमानपत्रातील गुन्हेगारीच्या स्तंभातून भेटतो, आणि ख्रिस्ताने आपला जीव खंडणी म्हणून दिला असे वाचल्यावर पाळकाला आधी शब्दाची शुद्धी करावी लागते आणि मग अर्थाकडे वळावे लागते.

तिसरे उदाहरण सर्वांत परिणामकारक आहे. मूळ ग्रीक ग्रंथात ज्या पेयाचा उल्लेख येतो ते द्राक्षांचे मद्य. मराठी अनुवादांनी त्यासाठी द्राक्षारस हा शब्द योजला, आणि या सोज्ज्वळ शब्दात आंबण्याचा कोठे मागमूस राहिला नाही. आता ज्या मुलखात मोहाची दारू जन्म, लग्न, मरण आणि देवकार्य यांच्याशी जखडलेली आहे, तेथे या एका शब्दाचे काय फल झाले असेल? अलायन्स मिशनची शिकवण मद्यपानाच्या कडक विरोधात होती. द्राक्षारस या शब्दामुळे काना येथील लग्नाची कथा निःशंकपणे वाचता आली आणि दारूबंदीचा उपदेशही अबाधित राहिला. हा उपदेश या मुलखाला परका नव्हता. १९३७-३८ च्या सुमारास तळोद्याकडील गुला महाराजांनी दारू सोडण्याचा आणि शुचितेचा संदेश देत हजारो भिल्लांना आरतीसाठी एकत्र केले होते. त्यांच्या आप धर्माचे अनुयायी आजही या भागात आहेत. ख्रिस्ती मंडळी आणि आप धर्म यांचे दैवत निराळे, ग्रंथही निराळे. परंतु सावकार आणि कलाल यांच्या दुहेरी पाशातून सुटण्याची जी ओढ एका समाजात निर्माण झाली होती, तिला दोन्हीकडून वाट मिळाली.

आणि चौथे उदाहरण बाप्तिस्म्याचे. मूळ क्रियापदाचा अर्थ बुडविणे असा घ्यावा की धुणे असा घ्यावा, यावरून एकोणिसाव्या शतकात अनुवादकांत मोठा वाद झाला. बॅप्टिस्ट पंथाच्या अनुवादकांनी बंगालीत बुडविण्याचा अर्थ स्पष्टपणे घातला, म्हणून ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने त्यांच्या अनुवादांना साहाय्य नाकारले, आणि बॅप्टिस्टांना १८४० साली स्वतःची निराळी संस्था काढावी लागली. मराठीत रूढ झालेला बाप्तिस्मा हा शब्द मूळ ध्वनीचे नुसते मराठी लेखन आहे. त्याने कोणताच पक्ष घेतला नाही, आणि म्हणून अर्थ ठरविण्याचे सर्व काम ज्या त्या मंडळीच्या उपदेशाकडे गेले. प्रौढ विश्वासी माणसाला नदीच्या डोहात उभे करून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांत त्या शब्दाला पाण्याची खोली आली. बाळाच्या मस्तकावर पाणी शिंपडणाऱ्या परंपरेत तोच शब्द घराण्याच्या वारशाचा झाला. आणि कॅथॉलिकांनी स्नानसंस्कार म्हणून त्याला मराठी कूळ दिले. शब्द जेथे मौन धरतो तेथे व्यासपीठ बोलते, असा हा दाखला आहे.

व्यासपीठावरचे भाषांतर

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आदिवासी गावांतील उपासनेची सर्वसाधारण वहिवाट अशी, की उतारा मराठीतून वाचला जातो आणि उपदेश बोलीत दिला जातो, किंवा मराठीने सुरू होऊन तिसऱ्या-चौथ्या वाक्याला बोलीत उतरतो. वाचन आणि उपदेश यांच्यामधल्या त्या क्षणात पाळक जे करतो, ते भाषांतरच असते. परंतु ते लिखित भाषांतरापेक्षा निराळ्या जातीचे असते. लिहिणारा अनुवादक न पाहिलेल्या वाचकासाठी लिहितो, आणि एका शब्दासाठी एकच प्रतिशब्द निवडून त्याला बांधला जातो. पाळकापुढे चेहरे असतात. त्याने एक शब्द उच्चारला आणि समोरच्या म्हाताऱ्याच्या कपाळावर आठी दिसली, की तो दुसरा शब्द देतो, नाहीतर गावातला एखादा प्रसंग सांगतो, आणि अर्थ पोचेपर्यंत पुढे सरकत नाही.

याची थोरवी ध्यानी येण्यासाठी उधळ्या पुत्राचाच दाखला घ्यावा. अनेक भिल्ल कुटुंबांत थोरले मुलगे लग्नानंतर आपापले वेगळे घर करतात, आणि धाकटा मुलगा आईबापांपाशी राहून त्यांच्या म्हातारपणाचा आधार होतो. या समाजापुढे जेव्हा दोन मुलांची कथा येते आणि त्यांतला धाकटा वाटणी मागून दूर देशी जातो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनावर होणारा आघात यरुशलेमच्या किंवा पुण्याच्या श्रोत्याहून निराळा असतो. ज्याने राहावयाचे तोच गेला आहे. बापाच्या धनापेक्षा त्याचे म्हातारपण लुटले गेले आहे. मग दूर देश म्हणजे दक्षिण गुजरातेतील उसाचे फड, जेथे या जिल्ह्यातील कुटुंबे दर वर्षी तोडणीसाठी महिनोन् महिने जातात. आणि पोटासाठी परक्याची डुकरे राखणारा तो मुलगा म्हणजे उचल घेऊन वर्षभरासाठी बांधला गेलेला सालदार. तो परत आल्यावर आपल्याला मोलकरी म्हणून ठेवावे एवढेच मागतो, आणि बाप त्याच्या बोटात अंगठी घालतो. छापील मराठी प्रतीत यांतला ऊसही नाही आणि सालदारही नाही. परंतु ज्या उपदेशकाला आपली माणसे ठाऊक आहेत, त्याला हे सर्व त्या कथेतच सापडते. मूळ ग्रंथाशी त्याने बेइमानी केली असे कोणी म्हणेल, तर मी ते मान्य करणार नाही. दाखला सांगणाऱ्या त्या गालीली गुरूनेही आपल्या श्रोत्यांच्या शेतातली, घरातली आणि बाजारातलीच भाषा वापरली होती. आणि जर्मन भाषेत बायबल आणताना घरातल्या आईचे, रस्त्यातल्या मुलांचे आणि बाजारातल्या माणसाचे बोलणे ऐकावे, असे १५३० साली लिहिणाऱ्या मार्टिन ल्यूथरचाही आग्रह हाच होता.

अर्थात या पद्धतीत धोकाही आहे. ज्याच्या एकट्याच्या हाती मूळ प्रत आणि बोली या दोन्हींच्या किल्ल्या असतात, त्याच्या विवरणाची पडताळणी मंडळीला करता येत नाही. पाळकाचा शब्द हाच शास्त्राचा शब्द ठरतो. तो सज्जन आणि अभ्यासू असला तर मंडळी वाढते. त्याला अहंकाराची किंवा अज्ञानाची बाधा झाली, तर त्याच्या चुकीला अपील राहत नाही. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक खरे होते. ज्यांना शाळेचे तोंड दिसले नाही, त्यांच्यापर्यंत शास्त्र पोचले ते पुरुषाच्या आवाजातून. बायबल बाई म्हणून घरोघर जाणाऱ्या सेविकांनी ही दरी काही अंशी भरून काढली, म्हणून त्यांचे काम मला पाळकांच्या कामाइतकेच मोलाचे वाटते.

बोलीतला करार

गेल्या काही दशकांत या चित्रात मोठा पालट झाला आहे. मावची, वसावी, पावरी, नोइरी या बोलींत नवा करार आता उपलब्ध आहे. वाचता न येणाऱ्यांसाठी ध्वनिमुद्रणे आहेत, आणि भ्रमणध्वनीवर हे सर्व सहज ऐकता येते. ज्या बोलींना शाळेत, कचेरीत किंवा छापखान्यात जागा नव्हती, त्यांत शेकडो पृष्ठांचा सलग गद्यग्रंथ निर्माण झाला, ही घटना धर्मनिरपेक्ष दृष्टीनेही महत्त्वाची मानली पाहिजे. कोणती व्यंजने कशी लिहावी, लांब स्वर कोठे दाखवावा, याचा पहिला निर्णय अशाच ग्रंथांत घ्यावा लागतो. येथे एक व्यावहारिक अडचणही आहे. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, तेव्हा एकाच बोलीचे लोक हद्दीच्या दोन्ही बाजूंस विभागले गेले. नवापूरच्या रेल्वे स्थानकाच्या मधूनच ती हद्द जाते. अलीकडचा मुलगा शाळेत देवनागरी शिकतो, पलीकडचा गुजराती लिपी. सुरतेस लंडन मिशनरी सोसायटीच्या कार्यकर्त्यांनी १८२३ पर्यंत पूर्ण केलेल्या गुजराती बायबलची परंपरा पलीकडे, श्रीरामपूर आणि मुंबई यांची परंपरा अलीकडे. आणि दोन्हीकडच्या मंडळ्यांत सोयरीक, जत्रा, उपासनेचे मेळावे एकच. त्यात आता दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी यांवरून हिंदी उपदेश आणि हिंदी गीते येऊ लागली आहेत. एका पाळकाच्या टेबलावर चार भाषांतील शास्त्र असावे, अशी स्थिती पुण्या-मुंबईतही क्वचितच आढळेल.

बोलीत छापताना अनुवादकावर येणारी जबाबदारी किती गंभीर असते, याचे एक उदाहरण येथे दिल्याशिवाय राहवत नाही. जुन्या करारातील नियमशास्त्रात जादूटोणा करणाऱ्या स्त्रीला जिवंत ठेवू नये असा एक कठोर नियम आहे. मराठी प्रतीत तेथे चेटकीण हा शब्द आहे, आणि मराठी वाचकाला तो गोष्टीतल्या पात्राइतका दूरचा वाटतो. परंतु सातपुड्याच्या दोन्ही अंगांना डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ झाल्याच्या, त्यांना मारहाण झाल्याच्या, कधी त्यांचे प्राण गेल्याच्या घटना आपल्या काळातल्या आहेत. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, त्यामागे अशा अनेक स्त्रियांचे दुःख आहे. या नियमाच्या अनुवादात बोलीतला तो जळजळीत शब्द बसविला गेला, तर प्राचीन इस्राएलातील एक वाक्य आजच्या एखाद्या विधवेच्या दारात येऊन उभे राहील. भाषिक दृष्ट्या प्रतिशब्द बिनचूक असेल. तरी तो कोणाच्या हाती जाणार आहे याचा विचार न करता घातला, तर अनुवादक आपल्या कर्तव्यास चुकला, असेच म्हणावे लागेल. आणि त्याने कितीही सावध शब्द निवडला, तरी शेवटी व्यासपीठावरून कोणीतरी निःसंदिग्धपणे सांगावेच लागेल, की आपल्या गावातील कोणतीही बाई डाकीण नाही, आणि शुभवर्तमानातील येशूने दगड उचललेल्या जमावाच्या हातून एका स्त्रीला वाचविले होते. छापील शब्द कितीही जवळ आला, तरी उपदेशकाची जबाबदारी संपत नाही, ती येथे अशी दिसते.

तथापि तिचे स्वरूप बदलते. पूर्वी पाळक अर्थ पोचवीत होता. आता श्रोत्याच्या हाती त्याच्याच भाषेतला मजकूर आहे, आणि पाळकाने सांगितलेला अर्थ त्या मजकुराशी जुळतो की नाही हे तो ताडून पाहू शकतो. घरी मुलीच्या भ्रमणध्वनीवर लूकचे शुभवर्तमान ऐकलेली आजी रविवारी त्याच उताऱ्यावरचा उपदेश निराळ्या कानाने ऐकते. प्रश्न विचारण्याचा अधिकार व्यासपीठावरून खाली उतरतो. ज्या पाळकांनी हे स्वागतार्ह मानले, त्यांचा उपदेश अधिक सखोल होईल, कारण शब्दार्थ सांगण्यात जाणारा वेळ त्यांना आता विचारासाठी मोकळा मिळाला आहे. ज्यांना त्यात आपल्या मानाची हानी दिसेल, त्यांनी रमाबाईंच्या केडगावच्या छापखान्याचे स्मरण करावे.

दोन पुस्तके, एक आवाज

येथे एक प्रश्न विचारला जातो, आणि तो टाळण्यासारखा नाही: बोलीतला करार आल्यावर मराठी शास्त्र बाजूला ठेवावे काय? तरुण पिढी शाळेमुळे मराठीत वाढली आहे, तिला बोलीतले वाचन अवघड जाते. वृद्धांना बोली हवी, परंतु त्यांची पाठ असलेली वचने मराठीत आहेत. माझ्या मते दोन्ही पुस्तके उपासनेत शेजारी शेजारी असावीत, आणि उतारा दोन्हींतून वाचला जावा. मराठी प्रतीने या मंडळ्यांना पुण्या-अहमदनगरच्या, मुंबईच्या, विदर्भाच्या मराठी ख्रिस्ती समाजाशी आणि नारायण वामन टिळकांच्या गीतांच्या परंपरेशी जोडले. ते नाते तोडणे म्हणजे स्वतःच्या इतिहासाचे एक दालन बंद करणे होय. आणि बोलीतल्या प्रतीने त्यांना प्रथमच असे सांगितले, की देवाशी बोलण्यासाठी दुसऱ्याची भाषा उसनी घेण्याची गरज नाही. हा आत्मसन्मान त्यांच्यापासून कोणी पुन्हा काढून घेऊ नये. दोन अनुवाद एकत्र वाचले म्हणजे आणखी एक लाभ होतो. जेथे दोन्हींचे जुळत नाही तेथे श्रोता थबकतो, आणि मूळ ग्रंथ या दोन्हींच्या पलीकडे आहे, कोणताही एक अनुवाद म्हणजे देवाच्या तोंडचे अखेरचे शब्द नव्हेत, हे त्याला कोणी न शिकविता कळते. धर्मग्रंथाविषयी नम्रता शिकविण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही.

परंतु सर्वांत निकडीचे काम निराळेच आहे. शतकभर ज्या पाळकांनी, सुवार्तिकांनी आणि बायबल बायांनी मराठी उताऱ्याचा अर्थ मावचीत, वसावीत, पावरीत सांगितला, त्यांनी प्रत्येक कठीण कल्पनेसाठी आपल्या बोलीत शब्द शोधले, उपमा घडविल्या, गीते बांधली. क्षमेला काय म्हणावे, आत्म्याला काय म्हणावे, ज्याला कधी समुद्र दिसला नाही त्याच्यापुढे गालील समुद्रातले वादळ कसे उभे करावे, यांची उत्तरे त्यांनी डोंगरातल्या झोपड्यांत बसून काढली. बोलीतील छापील करार याच घडलेल्या भाषेच्या पायावर उभा आहे. त्या पिढीतले जे थोडे उपदेशक आज हयात आहेत, ते ऐंशीच्या पुढे गेलेले आहेत. त्यांचे उपदेश, त्यांची गीते, त्यांचे शब्द ध्वनिमुद्रित करून ठेवणे, ते उतरवून घेणे आणि विद्यापीठातील भाषाभ्यासकांच्या व मंडळ्यांच्या स्वाधीन करणे, यासाठी मोठा निधी किंवा सरकारी मंजुरी लागत नाही. लागते ती एक साधी यंत्रणा, बोली जाणणारे दोन-चार तरुण, आणि हे काम धर्माइतकेच भाषेच्याही सेवेचे आहे ही जाणीव. भिल्ल बोलींचा अभ्यास करणारे अहिराणीचे, मराठीचे आणि गुजरातीचे प्राध्यापक या प्रदेशात आहेत. मंडळ्यांनी आपली दारे त्यांना उघडावीत, आणि प्राध्यापकांनीही ख्रिस्ती उपदेश हा अभ्यासाचा विषय नाही हा समज सोडावा. अनुवादाचा इतिहास आपण आजवर छापखान्यांच्या तारखांवरून लिहिला. तो बोललेल्या भाषांतरावरूनही लिहिला गेला पाहिजे, आणि नंदुरबार जिल्ह्यात तो लिहिण्याची वेळ हीच आहे.